राणीछाप रुपयावरचा एक शब्द

नागझिऱ्याच्या जंगलाला लागून असलेलं चोरखमारा असो की विदर्भातलं दुसरं कुठलंही खेडं, घरच्या जुन्या पेटीत राणीछाप रुपयांची माळ निघाली तर ती आधी उजेडात न्या आणि भिंग हातात घ्या.

प्रत्येक रुपया ११.६६ ग्रॅमचा, म्हणजे नेमका एक तोळा. दर्शनी बाजूला मुकुट घातलेली व्हिक्टोरिया. मागे साल. पुष्कळ नाण्यांवर १८६२ दिसेल, पण ती सगळी त्या वर्षीची नाहीत! १८७३ पर्यंत टांकसाळी तेच साल छापत राहिल्या. मागच्या बाजूची बारीक टिंबं मोजून नाणं नेमकं केव्हाचं याचा माग संग्राहक काढतात.

आता राणीच्या चेहऱ्याशेजारची इंग्रजी अक्षरं वाचा. १८७६ पर्यंत तिथे 'व्हिक्टोरिया क्वीन' आहे. १८७७ पासून 'व्हिक्टोरिया एम्प्रेस'. राणीची सम्राज्ञी झाली, ती १ जानेवारी १८७७ च्या दिल्ली दरबारात. दख्खन तेव्हा भीषण दुष्काळात होरपळत होतं. पुण्याच्या सार्वजनिक सभेचे गणेश वासुदेव जोशी, आपले सार्वजनिक काका, त्या झगमगाटात हातानं कातलेल्या सुताची खादी नेसून गेले होते. मला त्या दरबारातलं हेच दृश्य सर्वांत मोलाचं वाटतं.

या प्रसंगासाठी खास स्मृतिपदक पाडलं गेलं. ५८ मिलिमीटर व्यासाचं, एका बाजूला राणीची छबी आणि तारीख, दुसरीकडे तिची नवी पदवी तीन लिप्यांत: रोमन, फार्सी आणि आपली देवनागरी. राजेरजवाड्यांना ते सोन्याचं मिळालं, इतरांना चांदीचं. फितीत ओवून ते गळ्यात घालायचं असे. आज अशी पदकं जगभरचे संग्राहक शोधत असतात.

गंमत पाहा, महाराजाच्या गळ्यातलं पदक आणि आजीच्या गळ्यातला १८७७ चा रुपया एकच बातमी सांगतात. खेड्यापाड्यांत ना दरबार पोचला, ना पदक. रुपया मात्र पोचला, आणि बायकांनी त्याला कडी डाकवून तो ओवला. कडी डाकवलेल्या नाण्याला बाजारात भाव कमी मिळतो. माझ्या लेखी त्या कडीनंच त्याचं मोल वाढवलं आहे, कारण ते कुणाच्या अंगावर वावरलं याची तेवढीच खूण उरली आहे.

म्हणून एक कळकळीची विनंती. माळ चिंचेनं किंवा पावडरीनं घासू नका, अक्षरं झिजतात. आणि मोडीत काढायचीच वेळ आली, तर सोनाराकडे जाण्याआधी प्रत्येक रुपयाच्या दोन्ही बाजूंचा फोटो काढा आणि माळ कुणाची होती ते त्यासोबत लिहून ठेवा.