ओट्यात हॉब बसविताना

शेगडी काढून ग्रॅनाइटच्या जुन्या ओट्यातच हॉब बसवून घेण्याकडे हल्ली अनेकांचा कल दिसतो. मात्र बसविलेला दगड जागेवर कापणे जोखमीचे असते. ओट्याखालचा कडप्प्याचा उभा आधार नेमका कापाच्या जागी येतो का, हे आधी पाहावे. माप हॉबच्या काचेवरून घेऊ नये. काच चहूबाजूंनी ओट्यावर टेकायची असल्याने काप तिच्याहून लहान लागतो. ते माप सोबतच्या पुस्तिकेत दिलेले असते.

दगड तडकतो तो बहुधा कोपऱ्यातून. काटकोनी कोपऱ्यात ताण एकवटतो. म्हणून तेथे आधी गोल छिद्रे पाडून मगच कटर चालवावे. पुढच्या-मागच्या अरुंद पट्ट्यांना खालून टेकू द्यावा.

खरा धोका धुळीचा. ग्रॅनाइटमधील सिलिकाच्या सूक्ष्म कणांमुळे सिलिकोसिस हा फुफ्फुसांचा असाध्य विकार जडतो. कृत्रिम क्वार्ट्झमध्ये तर सिलिका ९० टक्क्यांहून अधिक असू शकते. ऑस्ट्रेलियाने १ जुलै २०२४ पासून अशा दगडावर बंदी घातली. पात्यावर पाणी सोडत कापल्यास धूळ बरीच बसते. पण घरात चिखल नको म्हणून कोरडेच कापायला सांगणारे बहुधा आपणच असतो. कारागिराने तोंडाला बांधलेला रुमाल ही धूळ अडवू शकत नाही.