दोन स्कूटर, एक एंजिन

युरोपातील शहरांत 'मॅक्सी-स्कूटर' नावाची एक भारदस्त स्कूटर दिसते. गिअर बदलण्याची कटकट नाही, बसण्याची ठेवण स्कूटरची; वजन आणि ताकद मात्र मोठ्या मोटरसायकलची. तिचे दोन प्रकार मानले जातात : चपळ 'स्पोर्ट' आणि लांबच्या प्रवासाची 'टूरिंग'. रोज शहरातच फिरणाऱ्याला कोणती बरी? प्रश्न आवडीनिवडीचा वाटतो. पण त्याचे बरेचसे उत्तर शालेय भौतिकशास्त्रात आहे.

तुलनेला एक सोयीची जोडी घेऊ. बीएमडब्ल्यू कंपनीने २०११ साली मिलानच्या प्रदर्शनात सी ६०० स्पोर्ट आणि सी ६५० जीटी या स्कूटर मांडल्या. २०१२ पासून त्या विक्रीस आल्या. नावांवर जाऊ नये. दोहोंचे एंजिन एकच होते : दोन सिलिंडरांचे, ६४७ घन सेंटिमीटरचे, ६० अश्वशक्तीचे. स्पोर्टवर चालक किंचित पुढे झुकून बसे. जीटीला ऐसपैस आसन, बटणाने वरखाली होणारी मोठी काच आणि आसनाखाली सुमारे ६० लिटर जागा होती. स्पोर्टचे वजन २४९ किलो, जीटीचे २६१ किलो.

आधी काचेचा विचार करू. हवेचा अवरोध वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो. ताशी ३० किलोमीटरला तो जितका असतो, त्याच्या नऊपट ताशी ९० ला होतो. आणि त्यावर मात करण्यासाठी लागणारी शक्ती सत्तावीसपट! म्हणून महामार्गावर मोठी काच चालकाचा थकवा वाचवते. सिग्नल ते सिग्नल जाणाऱ्याला तिचा उपयोग मुख्यतः पावसाथंडीपुरता.

शहरात खरा खर्च होतो तो थांबण्याचा. ७५ किलोचा चालक धरला, तर ताशी ५० किलोमीटर वेगाला स्पोर्टची गतिज ऊर्जा सुमारे ३१,२०० ज्यूल आणि जीटीची ३२,४०० ज्यूल भरते. ब्रेक लावताच ती उष्णता होऊन जाते आणि सिग्नल सुटला की पुन्हा पेट्रोलमधून उभी करावी लागते. दोघींतील फरक चार टक्क्यांहूनही कमी आहे. आता आपल्याकडची ११० सीसीची साधी स्कूटर घ्या. तिचे वजन सुमारे १०७ किलो. त्याच चालकासह त्याच वेगाला तिची ऊर्जा १७,६०० ज्यूल, म्हणजे जवळजवळ निम्मी!

गर्दीत स्कूटर जेमतेम सरकत असताना ती कलली, तर हाताने सावरावी लागते. समजा, गुरुत्वमध्य जमिनीपासून अर्ध्या मीटरवर आहे, हँडल एक मीटरवर आहे आणि गाडी १० अंश कलली आहे. आघूर्णाच्या नियमाने हँडलवर स्पोर्टसाठी सुमारे २१.६ किलो, जीटीसाठी २२.७ किलो, तर साध्या स्कूटरसाठी अवघा ९.३ किलो भार येईल.

निष्कर्ष असा की, शहरापुरते पाहिले तर 'स्पोर्ट की टूरिंग' हा भेद जाहिरातीत दिसतो तेवढा मोठा नाही. तिथे सामान, मागे बसणारा सोबती आणि चालकाचे पाय जमिनीवर नीट टेकतात की नाही, यांवरून निवड करावी. मोठा भेद आहे तो मॅक्सी-स्कूटर आणि साधी स्कूटर यांच्यात. जो उपनगरातून जलद रस्त्याने रोज शहरात येतो, त्याला ६० अश्वशक्तीचा आणि काचेचा लाभ मिळतो. जो शहराबाहेर पडतच नाही, तो दर सिग्नलला जादा वजनाची किंमत मोजतो.

वर्गात हे सायकलवर करून पाहता येईल. एका विद्यार्थ्याने सायकल थोडी कलती धरावी, दुसऱ्याने हँडलला ताणकाटा अडकवून तिला त्याच कोनात तोलून धरावे आणि वाचन घ्यावे. मग दप्तर एकदा कॅरिअरवर आणि एकदा खाली पेडलजवळ दांडीला बांधून वाचने घ्यावीत. वजन तेच असूनही वाचन का बदलले, हे मुलांनाच सांगू द्यावे.