कुत्र्याची जात आणि मालकाची जबाबदारी

६ जून १८३२ रोजी मुंबईत कुत्र्यांवरून दंगल उसळली. मोकाट कुत्रे मारण्याची सरकारी मोहीम चालू होती आणि प्रत्येक कुत्र्यामागे आठ आणे इनाम होते. रस्त्यावरचे कुत्रे पकडणे कष्टाचे, पाळलेले पकडणे सोपे. तेव्हा इनामाच्या लोभाने घरची कुत्रीही उचलली जाऊ लागली आणि कुत्र्याला पवित्र मानणारा पारशी समाज खवळला. कायद्याचा हेतू काहीही असो, त्याचा भार सहज सापडणाऱ्यावर पडतो, हा धडा त्या आठ आण्यांनी शिकविला.

आज श्वानमालकांना वाटणारी धास्ती याच जातीची आहे. १२ मार्च २०२४ रोजी केंद्रीय पशुसंवर्धन खात्याने राज्यांना पत्र लिहून पिटबुल, रॉटवायलर आदी २३ जातींच्या कुत्र्यांची आयात, पैदास व विक्री थांबविण्यास आणि आधीपासून घरी असलेल्यांचे निर्बीजीकरण करण्यास सांगितले. १० एप्रिल रोजी कर्नाटक उच्च न्यायालयाने हे पत्रक रद्द केले, कारण संबंधितांचे म्हणणे ऐकून घेतलेच नव्हते. मात्र ते ऐकून नवे नियम करण्याची मुभा सरकारला राहिली. म्हणून हा विचार आवश्यक ठरतो.

पहिली अडचण ओळख पटविण्याची. संकरित कुत्र्याची जात केवळ रूपावरून कोण ठरविणार? ब्रिटनने १९९१ साली चार प्रकारांवर निर्बंध घातले. २०२३ च्या अखेरीस तेथे ‘एक्सएल बुली’ हा पाचवा प्रकार यादीत घालावा लागला. यादी लांबते, प्रश्न उरतो. दुसरी अडचण अधिक गंभीर आहे. नोंदणी केली तर आपलाच कुत्रा अडचणीत येईल, अशी भीती निर्माण झाली की प्रामाणिक मालकही नोंदणी टाळतो; आणि सोसायटीच्या दडपणाला कंटाळलेला एखादा त्याला रात्री गावाबाहेर सोडून येतो. पाळीव कुत्रा मोकाट होतो, तो असा.

तथापि मालकांनीही आत्मपरीक्षण करावयास हवे. ‘आमचा कुत्रा काही करत नाही’ हे वाक्य चावा बसलेल्या मुलाच्या आईला ऐकविण्यात अर्थ नाही. कुत्रा पाळण्याचा आनंद एकाचा आणि धोका शेजाऱ्याचा, ही विभागणी अर्थशास्त्राला मान्य नाही, नीतिशास्त्रालाही नाही.

यावर उपाय मालकाच्या वर्तनाला जबाबदार धरण्याचा आहे. प्राण्याबाबत निष्काळजीपणा करणाऱ्यास भारतीय न्याय संहितेच्या कलम २९१ खाली सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा पाच हजार रुपयांपर्यंत दंड होऊ शकतो. त्याची काटेकोर अंमलबजावणी, अल्प शुल्कात परवाना, परवान्यासोबतच रेबीजची लस आणि चावा घेतल्यास मालकाकडून भरपाई, एवढे झाले तरी पुष्कळ साधेल. नोंदणी करणाऱ्यास काही लाभ मिळाला पाहिजे आणि ती टाळणाऱ्यास झळ बसली पाहिजे. आज नेमके याच्या उलट घडण्याची भीती आहे.