मांजराला उन्हाळी लागते तेव्हा

सोलापुरात एप्रिल-मेमध्ये पारा चाळिशीच्या वर असतो आणि नळालाही रोज पाणी येत नाही. मांजर मुळातच पाणी कमी पितं. त्यात नुसतं कोरडं खाद्य असेल तर लघवी दाट होते. मग ते सारखं लघवीला बसतं, थेंबथेंब करतं, कण्हतं, कधी फरशीवर रक्ताचा डाग दिसतो. अशा वेळी घरातल्या औषधांच्या डब्याला हात लावू नका. पॅरासिटामॉलची एक गोळी मांजराचा जीव घेऊ शकते, कारण ते औषध निकामी करण्याची ताकद त्याच्या यकृतात फार तोकडी असते. लघवी केशरी करणारी जळजळीची गोळीही घातकच. आपण उन्हाळीवर पाण्यातून घेतो ते सायट्रेटचं सिरप लघवीतलं आम्ल कमी करतं, आणि मांजराचे स्ट्रुवाइट खडे नेमके तशा लघवीत धरतात.

लघवी तुंबली आहे का, हे पाहायला डॉक्टर आधी पोट चाचपतात. बोका असेल तर हे फार महत्त्वाचं. त्याचा मूत्रमार्ग इतका अरुंद असतो की चिकट स्राव आणि बारीक खडे यांचं बूच त्यात अडकतं. लघवी तुंबली की रक्तातलं पोटॅशियम वाढतं, हृदयाचे ठोके बिघडतात आणि एक-दोन दिवसांत बोका दगावू शकतो. इथे कोणतीही गोळी कामाची नाही. भूल देऊन नळी घालावी लागते, सलाईन लावावं लागतं. बोका बसतोय पण थेंबही येत नाही, असं दिसलं तर सकाळची वाट पाहू नका.

लघवी तुंबलेली नसेल तर प्रश्न उरतो दाहाचा. तरुण मांजरांत निम्म्याहून अधिक वेळा जंतूही सापडत नाहीत आणि खडेही नाहीत. ओहायो स्टेट विद्यापीठाचे टोनी बफिंग्टन यांनी अशा दाहावर अनेक वर्षं काम केलं. मूत्राशयाच्या आतलं संरक्षक अस्तर विरळ होतं, दाट लघवीतले क्षार मज्जातंतूंना झोंबतात, आणि घाबरलेल्या, ताणातल्या मांजरात हे सगळं भडकतं.

म्हणून पहिलं औषध वेदनेचं. ब्युप्रेनॉर्फिन किंवा गॅबापेंटिन वजनाप्रमाणे दिलं जातं. मेलॉक्सिकॅम सूज उतरवतं, पण अंगात पाणी कमी असलेल्या मांजराच्या मूत्रपिंडांना ते इजा करतं. अमेरिकेत 2010 पासून मांजरांना ते पुन्हापुन्हा देण्याविरुद्ध ठळक इशारा छापला जातो. आपल्याकडच्या उन्हाळ्यात तर आधी पाणी भरून काढणं, मूत्रपिंडांची तपासणी, आणि मगच त्याचा विचार. मूत्रमार्ग सैल करणारं प्राझोसिनही अनेक वर्षं दिलं गेलं. पण नळी काढल्यावर मार्ग पुन्हा तुंबणं त्याने कमी होतं, असं अभ्यासांत दिसलेलं नाही.

अँटिबायोटिकचं काय? दहा वर्षांच्या आतल्या मांजराला त्याची गरज क्वचितच पडते. म्हाताऱ्या, मधुमेही किंवा मूत्रपिंडाचा विकार असलेल्या मांजरांत मात्र जंतुसंसर्ग खरोखर आढळतो. सुईने थेट मूत्राशयातून लघवी घेऊन कल्चर करावं. जंतू निघाले तर अमॉक्सिसिलिनचा तीन ते पाच दिवसांचा डोस बहुधा पुरतो. ‘इंजेक्शन दिलं आणि बरं झालं’ हा अनुभव अनेकांचा असतो. पण हा दाह बहुतेक वेळा आठवडाभरात आपोआपच ओसरतो, म्हणून त्या काळात दिलेलं कोणतंही औषध गुणकारी वाटतं. जंतू नसताना अँटिबायोटिकचा मारा केला तर पुढे खऱ्या संसर्गात तेच औषध चालेनासं होतं.

त्रास वारंवार उलटत असेल तर डॉक्टर अमिट्रिप्टिलिन किंवा फ्लुऑक्झेटिन सुरू करतात. त्यांचा परिणाम दिसायला आठवडे लागतात आणि ती एकदम बंद करायची नसतात. तोवर घरच्यांनी ओलं खाद्य द्यावं. उकडलेल्या चिकनचं पाणी चालतं, पण त्यात मीठ, कांदा, लसूण नको. कांद्याने मांजराच्या रक्तपेशी फुटतात. सावलीत दोन-तीन ठिकाणी पाण्याची भांडी ठेवावीत. ताणाने दाह भडकतो, म्हणून जानेवारीत सोलापुरात गड्ड्याच्या यात्रेचं दारूकाम असतं त्या रात्री मांजराला आतल्या खोलीत, लपायला खोकं देऊन, दार लावून ठेवावं.