मासा मेला नाही, म्हणून?

गेल्या लेखातल्या आकड्यावर एका वाचकाने नेमकं बोट ठेवलं आहे. सिप्रोफ्लोक्सासिन हे प्रतिजैविक लिटरमागे १०० मिलिग्रॅम असलेल्या पाण्यातही झेब्राफिशला काही झालं नाही, असं २००० साली प्रसिद्ध झालेल्या चाचण्यांत दिसलं. मग हैदराबादजवळच्या पाटणचेरूच्या शुद्धीकरण केंद्रातून बाहेर पडलेल्या सांडपाण्यातल्या लिटरमागे ३१ मिलिग्रॅमची भीती कशाला? हिशोब बिनचूक आहे. प्रश्न चुकीच्या जिवाला विचारलाय, एवढंच. एंडोसल्फान हे कीटकनाशक माशाच्या मज्जासंस्थेवरच घाव घालतं, तिथे मेलेले मासे मोजणं रास्त. सिप्रोफ्लोक्सासिनचा नेम असतो जिवाणूंच्या डीएनएचा पीळ सांभाळणाऱ्या विकरावर. माशाच्या पेशीतलं तसलं विकर त्याला सहजी दाद देत नाही. त्याच चाचण्यांत मायक्रोसिस्टिस या नीलहरित जिवाणूची वाढ मात्र लिटरमागे अवघ्या ५ मायक्रोग्रॅमला निम्म्यावर आली. मासा ज्या मात्रेला निभावला, तिचा हा विसहजारावा भाग.

मायक्रोसिस्टिस तळी नासवतो, मेला तर बरंच, असं कुणी म्हणेल. तो एकटाच मरत असता तर वाद नव्हता. पण मासा कल्ल्यांवाटे अमोनिया टाकतो आणि त्याचं नायट्रेट करून पाणी राहण्याजोगं ठेवतात ते जिवाणूच. अमोनिया साचला की आधी कल्ले बिघडतात; टाकीत प्रतिजैविक घालताना घरी मासे पाळणारे फिल्टरमधल्या जिवाणूंची काळजी करतात ती याचसाठी. आतड्याचंही तेच. जिवाणूविरहित पाण्यात वाढवलेल्या झेब्राफिशच्या आतड्याची घडण अपुरी राहते, हे २००६ सालच्या अमेरिकी प्रयोगात दिसलं. नदीत सगळेच जिवाणू मरत नाहीत, हे कबूल. पण मरतात कोणते आणि उरतात कोणते, ही निवड मग माशाच्या हाती राहत नाही.

खरा अडचणीचा आक्षेप वेगळाच आहे. पाटणचेरूच्या त्या शुद्धीकरण केंद्रात सुमारे ९० औषध कारखान्यांचं पाणी येई. ते पुढे ओढ्यांवाटे मांजरेला मिळे (आपलीच मांजरा, पण बीड-लातूर मागे टाकून बरीच पुढे गेलेली). २००९ च्या अभ्यासात हे सांडपाणी ५०० पट पातळ करून त्यात ट्राउट मासे पाच दिवस ठेवले, तेवढ्यानेही त्यांच्या यकृतातली विकरं बदलली. याचं खापर सिप्रोफ्लोक्सासिनवर फोडता येत नाही. इतक्या रसायनांच्या काल्यात गुन्हेगार कोण, ते या प्रयोगातून कळत नाही, आणि मलाही ते उगाच ठरवायचं नाही. मात्र स्वच्छ काचटाकीत तीन-चार दिवस ठेवलेल्या एकट्या माशावरून प्रतिजैविकाला निर्दोष ठरवणंही तितकंच घाईचं. टाकीत तळ्याचा गाळ हवा, माशाचं नेहमीचं खाणं हवं, मुक्काम काही आठवड्यांचा हवा आणि मोजायचा तो पाण्यातला अमोनिया, कल्ल्यांची अवस्था, माशाचं वजन.