शेतावरची राहुटी, पण चूल कुणाची?

सुट्टी म्हटली की घरातल्या सगळ्यांना हुरूप येतो आणि आपल्या डोळ्यांपुढे मात्र डबे उभे राहतात. दशम्या, चिवडा, औषधांची पिशवी, लेकाचा स्वेटर! बरं, पोचल्यावर तरी पाय पसरावेत? छे! 'माझा टॉवेल कुठाय'पासून 'आज जेवायला काय'पर्यंत सगळ्या प्रश्नांची उत्तरं आपल्याकडेच. गाव तेवढं बदलतं, काम तेच राहतं.

म्हणूनच मैत्रिणींनो, अलीकडे निघालेल्या एका नव्या प्रकाराकडे लक्ष वेधावंसं वाटतं. त्याचं नाव 'ग्लॅम्पिंग'. 'ग्लॅमरस' आणि 'कॅम्पिंग' या दोन शब्दांचं हे कडबोळं. तंबूत राहायचं, पण तंबूत पलंग, गादी, पंखा आणि आत स्वच्छ न्हाणीघर! आपल्याला हे अगदीच नवं नाही. साहेबाच्या राज्यात कलेक्टरची स्वारी दौऱ्यावर निघाली की तिच्याबरोबर राहुट्या, खाटा, खानसामे असा लवाजमा चालायचाच. फरक इतकाच की आता त्या राहुटीत तुम्ही राहायचं. आणि ती राहुटी चालत्या शेतावर असेल तर आणखीच बहार.

गोंदियाच का?

शेतावरच्या पाहुणचाराची पद्धतशीर सुरुवात महाराष्ट्रात पश्चिमेकडे झाली. पांडुरंग तावरे यांनी २००५ च्या सुमारास बारामती भागात कृषी पर्यटनाचा पाया घातला. पुढे २०२० साली राज्य शासनाने त्यासाठी वेगळं धोरण आणलं. पण ऊस आणि द्राक्षं पाहून झाली असतील, तर एकदा पूर्वेचं टोक गाठा. १ मे १९९९ रोजी भंडाऱ्यातून वेगळा झालेला गोंदिया जिल्हा म्हणजे धानाचा आणि तळ्यांचा मुलूख.

इथल्या तळ्यांना लोक 'मामा तलाव' म्हणतात. हसू नका! माजी मालगुजारी तलाव, त्याचं हे लाडकं रूप. कोहळी समाजाच्या लोकांनी शेकडो वर्षांपूर्वी उतार हेरून, मातीचे बांध घालून हे तलाव बांधले आणि त्यांच्या पाण्यावर धान पिकवलं. नवेगावबांधचा मोठा तलावही कोलू पाटील कोहळी यांनी बांधला, असं परंपरा सांगते. मारुती चितमपल्लींनी वनाधिकारी म्हणून याच तलावाकाठी वर्षं काढली. त्यांचं 'नवेगावबांधचे दिवस' पिशवीत टाकायला विसरू नका.

जायला सोपं. मुंबईहून विदर्भ एक्सप्रेस थेट गोंदियाला येते. नागझिऱ्याच्या बाजूला जायचं तर तिरोड्याला उतरावं. तिथून पुढे बोदलकसा तलावाकाठी पर्यटन महामंडळाचं निवासस्थान आहे. नवेगावसाठी गोंदिया–बल्लारशा मार्गावरचं अर्जुनी मोरगाव सोयीचं. जंगलाच्या दारांभोवती खाजगी निवास आहेत. तिथे 'शेत तुमचंच का, आणि सध्या शेतात काय चाललंय' हे आधी विचारावं. लॉनवर तंबू ठोकला आणि दाराशी बैलगाडी सजवून ठेवली, म्हणजे ते शेत होत नाही!

केव्हा जावं?

शेत तुमच्या सुट्टीसाठी थांबत नाही, हे आधी ध्यानात घ्या. जूनमध्ये पऱ्हे टाकतात, म्हणजे धानाची रोपं तयार करतात. जुलै-ऑगस्टमध्ये रोवणी. कमरेत वाकून, चिखलात पाय रोवून बायका दिवसभर मागे मागे सरकत रोपं लावत जातात. तुम्हीही अर्धा तास उतरून पाहा. संध्याकाळी पाठ बोलायला लागली की ताटातल्या भाताची खरी किंमत कळेल. मात्र या दिवसांत तंबू ओलसर राहतो, रस्ते निसरडे होतात, साप-विंचवाची भीती असते. लहान मुलं बरोबर असतील तर पावसाळा टाळलेलाच बरा.

सगळ्यांत उत्तम काळ दिवाळीनंतरचा. कापणी चाललेली असते, तलावातून शिंगाडे निघत असतात, हवेत गारवा येतो. गावोगाव मंडई भरते आणि रात्री झाडीपट्टीची नाटकं रंगतात. शाल पांघरून, खाली बसून रात्रभर नाटक पाहण्याची मजा शहरातल्या नाट्यगृहात नाही. मार्च-एप्रिलमध्ये मोहफुलं पडतात. पहाटे झाडाखाली ती वेचणाऱ्या बायका-मुली दिसतील. मे महिन्याचं नाव मात्र काढू नका. त्या उन्हात कापडी तंबू म्हणजे भट्टीच!

पैसे देण्याआधी विचारा

फोनवर संकोच करू नका. न्हाणीघर तंबूला जोडून आहे की बाहेर? रात्री वीज गेली तर काय सोय? मच्छरदाणी आहे ना? तळी आणि जंगल म्हणजे डास आलेच, आणि या भागात मलेरिया होतो. पिण्याचं पाणी कुठलं? तंबूला खालून जमीन शिवलेली आहे का आणि दार नीट बंद होतं का? जवळचं सरकारी रुग्णालय किती दूर? सांगितलेल्या भावात जेवण धरलंय की वेगळं? या प्रश्नांची उत्तरं जिथे सरळ मिळतात, तिथेच पैसे पाठवावेत.

बरोबर बॅटरी, पूर्ण पायांचे बूट, सुती आणि फिक्या रंगाचे कपडे, हिवाळ्यात चांगलं जाड पांघरूण घ्यावं. बूट घालण्याआधी झटकण्याची सवय मुलांना पहिल्याच दिवशी लावा.

आता चुलीविषयी

आणि इथेच खरी गोष्ट येते. तुम्ही राहुटीच्या दारात बसून चहा घेत असता, तेव्हा तो चहा कुणीतरी केलेला असतो. बहुधा त्या घरच्या सुनेनं. ती पहाटे उठून गोठा आवरते, शेतावर जाते, घरच्यांचं करते आणि वर पाहुण्यांच्या भाकरी थापते. आपली सुट्टी म्हणजे तिची आणखी एक पाळी, असं व्हायला नको ना? 'बाईच्या कामाला मोल नाही' म्हणून आपण घरी कुरकुरतो. मग तिथे जाऊन आपणही तेच करायचं का?

म्हणून काही पथ्यं पाळू या. जेवायला किती जण आणि किती वाजता, हे आदल्या दिवशी सांगावं. रात्री दहाला 'मुलाला जरा नूडल्स करून द्या' म्हणू नये. त्यांच्या घरी शिजतं तेच मागावं: तांदळाची भाकरी, तळ्यातली मासळी, भौगोलिक मानांकन मिळालेल्या चिन्नोरचा सुवासिक भात. हॉटेलचं पनीर घरी गेल्यावर खाताच येईल. तांदूळ, जवस, लाखोळीची डाळ घरी न्यायची असेल तर तिच्याकडूनच, घासाघीस न करता घ्यावी आणि पैसे तिच्याच हातात द्यावेत. नवरोजींनाही सांगा, आपलं ताट आपण उचलून ठेवायचं. घरी नसेल होत, निदान तिथे तरी!

शेजाऱ्यांचाही मान राखायचा असतो. माणसाएवढा उंच सारस पक्षी महाराष्ट्रात आता प्रामुख्याने याच जिल्ह्यात उरला आहे. पावसाळ्यात तो धानाच्या बांधीतच घरटं करतो आणि शेतकरी तेवढा तुकडा सांभाळून काम करतात. फोटोसाठी जवळ जाऊन त्याला उठवू नका. रात्री गाणी मोठ्याने लावू नका. नवेगाव-नागझिरा हा २०१३ पासून व्याघ्र प्रकल्प आहे, लग्नाचा मांडव नव्हे.

आणि तुमचंच शेत असेल तर?

आपल्यापैकी कितीजणींच्या सासरी दोन-चार एकर शेती असते, वर्षातून एकदा तांदळाचं पोतं आलं की तिची आठवण होते. किमान एक एकर शेती असेल तर कृषी पर्यटन केंद्राची नोंदणी पर्यटन संचालनालयाकडे करता येते. शिवाय २०२३ साली शासनाने बायकांसाठी 'आई' हे पर्यटन धोरण आणलं. व्यवसाय बाईच्या मालकीचा असेल, ती स्वतः तो चालवत असेल आणि बाकीच्या अटी पुऱ्या होत असतील, तर १५ लाखांपर्यंतच्या कर्जावरचं १२ टक्क्यांपर्यंतचं व्याज ठरावीक मर्यादेत शासन परत करतं.

पण एक सांगू? कागदावर नाव तुमचं आणि गल्ला दुसऱ्याच्या खिशात, असं होऊ देऊ नका. बँकेचं खातं तुमचं असू द्या. स्वयंपाकाला गावातल्या दोघी मदतीला ठेवा आणि त्यांची मजुरी पहिल्या दिवसापासून हिशोबात धरा. पहिल्या वर्षी दोनच राहुट्या पुरेत. दोन पाहुणे समाधानानं गेले तर चार आणतील. आठ पाहुणे उपाशी परतले तर गावाचंच नाव जाईल.

तेव्हा या दिवाळीनंतर बघा जमतंय का. डबे घरीच ठेवा. सकाळी डोळे उघडाल तेव्हा बाहेर धानाचे भारे रचलेले असतील, तळ्यावर धुकं असेल आणि कुणीतरी चहाचा कप हातात देईल. तो घ्या, सावकाश प्या. आणि देणारीला 'तूही बस गं बाई जरा' म्हणायला विसरू नका.