फोर्ट विल्यमचे संवाद आणि विज्ञानाच्या गप्पा

विल्यम केरी यांचे मराठी भाषेचे व्याकरण १८०५ साली श्रीरामपूरच्या मिशन छापखान्यात छापले गेले. मराठी मुद्रणाच्या इतिहासात या ग्रंथाचा उल्लेख नेहमी येतो. परंतु त्याच्या शीर्षपृष्ठावरील एका गोष्टीकडे सहसा लक्ष दिले जात नाही. व्याकरणास परिचित विषयांवरील संवाद जोडले आहेत, असे तेथे नमूद केलेले आहे. देवनागरी खिळ्यांनी मराठी छापली जाऊ लागली, त्या अगदी आरंभीच्या काळात सामान्य माणसांचे बोलणे छापील पानावर आले, ही घटना लहान नव्हे. त्या बोलण्याचे पुढे काय झाले आणि विज्ञानासारखा अपरिचित विषय त्यात कितपत सामावला गेला, याचा थोडा विचार प्रस्तुत लेखात करावयाचा आहे.

फोर्ट विल्यम हे हुगळीकाठच्या किल्ल्याचे नाव. अलीकडे या किल्ल्यास 'विजय दुर्ग' हे नाव देण्यात आले आणि मराठी वाचकास सिंधुदुर्ग जिल्ह्यातील आपल्या जलदुर्गाची आठवण व्हावी असा योग जुळून आला. या किल्ल्याच्या नावाने ओळखले जाणारे कॉलेज लॉर्ड वेलस्ली याने १८०० साली स्थापन केले व ते १८५४ साली बंद झाले. त्याचे वर्ग दीर्घकाळ भरत ते किल्ल्याच्या तटाआड नव्हे, तर शहरातील रायटर्स बिल्डिंगमध्ये. कंपनीच्या तरुण इंग्रज अधिकाऱ्यांना देशी भाषा शिकविणे हा त्याचा हेतू होता. केरी तेथे संस्कृत, बंगाली व मराठी शिकवीत, आणि मराठीच्या कामी त्यांना पंडित वैजनाथ यांचे साहाय्य असे.

अधिकाऱ्याला केवळ ग्रंथ वाचावयाचे नव्हते. त्याला रयतेशी, कारकुनाशी, नोकराशी बोलावयाचे होते. म्हणून व्याकरणाच्या नियमांबरोबर संभाषणाचे नमुने देणे आवश्यक झाले. बंगालीत केरी यांनी हाच प्रयोग 'कथोपकथन' या नावाने १८०१ मध्येच केला होता. त्यात मजूर, कोळिणी, सावकार आणि भांडणाऱ्या बायका यांच्या तोंडची भाषा आढळते. हेतू राज्यकारभाराचा असला, तरी त्यामागील भाषाविषयक जाण खरी होती. दोन माणसे एकमेकांशी बोलतात तेव्हा भाषा कशी चालते, हे पाहिल्याखेरीज ती येत नाही, ही ती जाण होय.

श्रीरामपूरच्या याच छापखान्यातून एप्रिल १८१८ मध्ये 'दिग्दर्शन' हे बंगाली मासिक निघाले. त्याच्या आरंभीच्या मजकुरात अमेरिकेचा शोध आणि सॅडलर नावाच्या साहेबाने बलूनमधून केलेले आकाशगमन असे विषय आहेत. पोथीपुराणांतील विमाने ठाऊक असलेल्या वाचकास कापडाच्या पिशवीत वायू भरून माणूस समुद्रापार जातो ही वार्ता केवढी नवलाची वाटली असेल, याची कल्पना करता येते. पुढे १८४० साली बाळशास्त्री जांभेकर यांनी मुंबईस मराठी मासिक काढले, त्याचेही नाव 'दिग्दर्शन' असेच होते. विज्ञान व भूगोल यांविषयीचे कुतूहल जागे करणे हे दोन्ही मासिकांचे समान कार्य होय.

परंतु कुतूहल जागे करणे आणि त्याविषयी आपल्या भाषेत बोलता येणे या दोन निरनिराळ्या गोष्टी आहेत. पहिलीसाठी वार्ता पुरते. दुसरीसाठी श्रोत्याला तोंड असावे लागते. त्या काळी इंग्लंडात ही अडचण संवादरूप ग्रंथांनी सोडविली जात असे. जेन मार्सेट या बाईंच्या १८०६ सालच्या रसायनविषयक ग्रंथात एक शिक्षिका आणि एमिली व कॅरोलाइन या तिच्या दोन शिष्या यांच्या संभाषणातून सारे शास्त्र उलगडते. पुस्तकबांधणीच्या दुकानात उमेदवारी करणाऱ्या मायकेल फॅरडे यास रसायनाची गोडी लागली ती याच पुस्तकामुळे. मराठीतही ही पद्धती लवकरच आली. हरि केशवजी पाठारे यांचे 'रसायनशास्त्रविषयक संवाद' १८३७ चे. म्हणजे केरी यांच्या संवादांनंतर अवघ्या बत्तीस वर्षांनी मराठी संवाद घराच्या उंबरठ्यावरून प्रयोगशाळेच्या दारापर्यंत पोहोचला होता.

येथे संवाद आणि गप्पा यांतील भेद ध्यानात घेतला पाहिजे. शास्त्रविषयक संवादात एक जाणता असतो व दुसरा अजाण. अजाणाने विचारावे, जाणत्याने सांगावे, आणि शेवटी अजाणाचे समाधान व्हावे, असा त्याचा क्रम ठरलेला असतो. गप्पांमध्ये सारे एका सतरंजीवर बसलेले असतात. तेथे सांगणाऱ्याला मध्येच अडविता येते, 'कशावरून?' असे विचारता येते, आणि थाप वाटली तर हसताही येते. विज्ञानाची वृत्ती संशयावर उभी असल्यामुळे पाठ देणाऱ्या संवादापेक्षा या दुसऱ्या प्रकाराशी तिचे नाते अधिक जवळचे आहे. मराठीत विज्ञानाचा पाठ लवकर आला. विज्ञानाच्या गप्पांना मात्र साहित्यात स्थान मिळण्यास बराच काळ जावा लागला.

या बाबतीत कलकत्त्याचे उदाहरण उद्बोधक आहे. राधानाथ शिकदार हे १८३१ साली त्रिकोणमितीय सर्वेक्षणात 'कॉम्प्युटर' या हुद्द्यावर दाखल झाले. तेव्हा हा शब्द यंत्राचा नव्हता. आकडेमोड करणाऱ्या माणसाचा होता. पुढे एव्हरेस्ट या नावाने प्रसिद्ध झालेले शिखर जगात सर्वांत उंच आहे, हे १८५२ साली ज्या गणितातून निष्पन्न झाले त्याचे श्रेय त्यांना दिले जाते. याच शिकदारांनी प्यारीचाँद मित्र यांच्यासह १८५४ साली 'मासिक पत्रिका' काढली. सामान्य जनांना, विशेषतः स्त्रियांना समजेल अशा बोलीत लिहावयाचे, हा तिचा बाणा होता. मित्रांची 'आलालेर घरेर दुलाल' ही कादंबरी तिच्यातूनच क्रमशः आली. काटेकोर गणित करणारा पुरुष बोलभाषेचाही पुरस्कर्ता असावा, यात मला विसंगती दिसत नाही. आपले म्हणणे दुसऱ्यास पडताळून पाहता आले पाहिजे, ही निष्ठा दोहोंच्या मुळाशी आहे.

१८९६ साली जगदीशचंद्र बोस यांनी 'कुंतलीन' या केशतेलाच्या मालकांनी ठेवलेल्या कथास्पर्धेसाठी 'निरुद्देशेर काहिनी' ही कथा लिहिली. बंगालच्या उपसागरात उठलेले वादळ कलकत्त्यावर न येताच नाहीसे होते. शास्त्रज्ञ कारणे शोधत राहतात आणि एक प्रवासी सांगतो की, आपण केशतेलाची बाटली समुद्रात ओतली. तेलाने पाण्याचा पृष्ठताण बदलतो व लहान लाटा शमतात हे शास्त्रीय सत्य. त्यावर रचलेला डोलारा निव्वळ गप्पेचा. कथा लेखकाच्या नावाविना प्रसिद्ध झाली. १९२१ साली 'अव्यक्त' या संग्रहात तिचे सुधारलेले रूप 'पलातक तूफान' म्हणून आले.

या परंपरेला पूर्ण रूप दिले ते प्रेमेंद्र मित्र यांच्या घनादांनी. १९४५ सालच्या 'मशा' या कथेपासून हे गृहस्थ कलकत्त्याच्या ७२, बनमाली नस्कर लेन येथील एका मेसमध्ये बसून आपल्या पराक्रमांच्या कथा सांगतात. पहिल्या कथेत साखालीन बेटावर एका शास्त्रज्ञाने घडविलेला विषारी डास त्यांनी एका चापटीने मारलेला असतो. कथांतील भूगोल आणि विज्ञान बहुधा बिनचूक असते; मुख्य घटना तेवढी खोटी असते, आणि हे मेसमधील तरुणांना पक्के ठाऊक असते. ते ऐकतात, टोकतात, आणि पुन्हा ऐकतात. येथे भाषेचा एक बारकावा नोंदविण्यासारखा आहे. बंगालीत 'अड्डा' ही सुसंस्कृत माणसांची मैफल आहे. मराठीत तोच शब्द जुगाराकडे किंवा गुत्त्याकडे वळतो. बंगालीत 'गल्प' म्हणजे कथा. मराठीत 'गप्प' म्हणजे बातचीत आणि थापही. शब्दांच्या या प्रतिष्ठेचा वाङ्मयप्रकारांच्या प्रतिष्ठेवर परिणाम होत असला पाहिजे, असे वाटते.

मराठीत हा संकोच मोडण्यास एक शास्त्रज्ञच पुढे यावा लागला. मराठी विज्ञान परिषदेच्या १९७४ सालच्या विज्ञानकथा स्पर्धेत 'कृष्णविवर' या कथेस पहिले पारितोषिक मिळाले. लेखकाचे नाव होते नारायण विनायक जगताप. ही आद्याक्षरे उलट क्रमाने वाचली असता जयंत विष्णु नारळीकर हे नाव हाती लागते. कीर्तीचा भार परीक्षकांवर पडू नये म्हणून त्यांनी टोपणनाव घेतले होते. १८९६ आणि १९७४ या दोन प्रसंगांत ७८ वर्षांचे अंतर आहे. परंतु दोन्ही ठिकाणी ख्यातनाम शास्त्रज्ञ नाव बाजूस ठेवून स्पर्धेत उतरतो. याला विनय म्हणता येईल. माझ्या मते हा वाचकाच्या संशयाधिकाराचा आदर आहे. सांगणारा कोण हे न कळता कथा पटली तरच ती पटली, असे या दोघांनी मानले. नारळीकरांचे २० मे २०२५ रोजी निधन झाले. त्यांच्यामागे मराठीत विज्ञानकथा हा स्वतंत्र व मान्य प्रकार उरला आहे.

आता प्रश्न उरतो तो आजचा. मराठीत विज्ञानाची परिभाषा आहे. 'गुरुत्वाकर्षण', 'कृष्णविवर', 'संगणक' हे शब्द शाळकरी मुलांनाही परके राहिलेले नाहीत. परंतु हीच मुले आपसांत कृष्णविवराविषयी बोलू लागली, की बहुधा दुसऱ्याच वाक्यात इंग्रजीकडे वळतात. परिभाषा समित्यांना घडविता येते; बोलणे घडविता येत नाही, ते बोलण्यानेच घडते. ज्या भाषेत विज्ञानाचे उत्तर लिहिता येते पण शंका सहजपणे विचारता येत नाही, त्या भाषेत विज्ञान पाहुणाच राहते.

या प्रश्नाला अलीकडे एक नवी धारही आली आहे. भारतातील पहिला इलेक्ट्रॉनिक संगणक, एचईसी-२एम, इंग्लंडहून कलकत्त्यालाच आला. १९५५ साली बारानगरच्या भारतीय सांख्यिकी संस्थेत. तो केवळ आकडेमोड करी. आजचा संगणक मराठीत विचारलेल्या प्रश्नास मराठीत उत्तर देतो, आणि ते घनादांच्याच आत्मविश्वासाने देतो. तपशील बरेचसे बरोबर असतात. मधलीच एखादी गोष्ट रचलेली असू शकते. अशा वक्त्यासमोर गुरूपुढे बसलेल्या शिष्याची भूमिका घेणे धोक्याचे आहे. बनमाली नस्कर लेनमधील तरुणांची भूमिका, म्हणजे आवडीने ऐकण्याची आणि 'कशावरून?' असे विचारण्याची, तीच येथे योग्य ठरेल. हा प्रश्न विचारण्याइतकी मराठी आपल्या मुलांच्या तोंडी विज्ञानाच्या विषयात रुळली आहे काय, याचा शोध भाषाभ्यासकांनी घेतला पाहिजे. १८०५ साली परिचित विषयांवरील संवाद छापून मराठीच्या अभ्यासास आरंभ झाला. आज अपरिचित विषयांवरील बोलणे तितक्याच आस्थेने ऐकून त्याची नोंद करण्याची वेळ आली आहे.